महारवाडा ते समतानगर, व्हाया निरंक

आधीच सांगतो, मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, कागदावर संगणक परिचालक आणि गावात नुसता "ऑपरेटर". निफाड तालुक्यातलं द्राक्षाचं गाव, नाव लिहीत नाही कारण उद्या परत त्याच ऑफिसात जाऊन बसायचंय. आणि मी राहतो वरच्या आळीत, माझा पत्ता वाचून आजवर कोणी दुसऱ्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

प्रकरण आहे आमच्या खालच्या वस्तीच्या नावाचं. २ डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की वस्त्यांना, रस्त्यांना असलेली जातीवाचक नावं काढायची. तेव्हा उद्धव ठाकरे मुख्यमंत्री, सामाजिक न्याय खातं धनंजय मुंडेंकडं. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली ही काढायच्या नावांची उदाहरणं, आणि त्याजागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर असली नावं सुचवलेली. ब्राह्मणवाडा आणि माळी गल्ली मुद्दाम घातलं असणार म्हणजे एकाच बाजूचं वाटू नये, पण कोणत्या नावानं माणसाचं नुकसान होतं आणि कोणत्या नावानं होत नाही हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. नाशकात तांबट लेन आहे, बोहोरपट्टी आहे, तिथल्या कोणाला पत्ता सांगताना आवाज खाली घ्यावा लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता असा निर्णय वरून निघाला की जिल्हा परिषद, पंचायत समिती असं करत करत ग्रामपंचायतीत उतरतो, आणि उतरताना त्यातला अर्थ गळत जाऊन शेवटी नुसता तक्ता हातात येतो. आमच्याकडं पण तक्ताच आला. अनुक्रमांक, गाव, वस्तीचं जुनं नाव, नवीन नाव, ठराव क्रमांक व दिनांक. जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या होत्या, नवीन बॉडी बसलेली, त्यात कोरोना, ग्रामसभा बंद, मग ते पत्र फायलीत पडून राहिलं आणि मागून स्मरणपत्रं यायला लागली. तिसऱ्या स्मरणपत्राला भाऊसाहेब म्हणाले (आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात), "निरंक टाकून दे रे, आपल्याकडं कुठं आहे तसलं काय."

निरंक म्हणजे शून्य, काही नाही. सरकारी ऑफिसातला सगळ्यात लाडका शब्द. निरंक लिहिलं की प्रश्न मिटतो आणि परत पत्र येत नाही.

मी टाकणारच होतो. पण समोर स्क्रीनवर नमुना आठ उघडा होता, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, आणि त्यात वस्तीच्या रकान्यात सरळ लिहिलेलं. एकदा नाही, चाळीसेक वेळा. भाऊसाहेबांना दाखवलं तर म्हणाले जुनी एन्ट्री असेल, बदलून टाक. म्हणून मी शोधून बदलायला बसलो आणि तिथं माझा दिवस गेला, कारण नाव एक नव्हतंच. महारवाडा, महार वाडा, म्हारवाडा, हरिजन वाडा, हरिजन वस्ती, बौद्धवाडा, नवबौद्ध वस्ती, दलित वस्ती, मागासवर्गीय वस्ती, एका ठिकाणी नुसतंच "एससी वस्ती". मग मी दप्तरातून जुन्या वह्या काढल्या, लाल फडक्यात बांधलेल्या, धूळ, झुरळं, वाळवीची माती सगळं आलं. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा नवीन वही लिहिली जाते, त्यामुळं एकाच घराचा माग काढता येतो. मी एक घर धरलं. सगळ्यात जुन्या वहीत माती-विटांचं घर, वस्ती महारवाडा. पुढच्या काही वह्यांमध्ये घर तेच, वस्ती हरिजन वाडा. मग छपराला पत्रा आला आणि वस्ती नवबौद्ध झाली. भिंत पक्की झाली तेव्हा दलित वस्ती. स्लॅब पडला तेव्हा मागासवर्गीय. घरमालकाचं नाव बापाचं जाऊन मुलाचं आलं, मुलाचं जाऊन नातवाचं आलं, आणि तेवढ्यात शेजारच्या रकान्यात चार वेळा शब्द बदलला. आणि प्रत्येक बदल कुठल्या ना कुठल्या चांगल्या हेतूनंच झाला असणार, असं बघा. त्या त्या काळाचा जो सभ्य शब्द तो लिहिला, वीस-पंचवीस वर्षांत तो शब्द आंबला, मग दुसरा आणला. ताक आंबतं म्हणून भांडं बदलायचं, असा प्रकार.

यात हरिजन शब्दाची गंमत आपल्या नाशिक जिल्ह्याशीच जोडलेली आहे. गांधींनी तो शब्द प्रेमानं चालवला, काँग्रेस सरकारनं कायद्याच्या भाषेत आणला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात लोकल बोर्डाच्या बिलात तो शब्द आला तेव्हा विरोधाला उभे राहिले ते दादासाहेब गायकवाड, आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, काळाराम मंदिर सत्याग्रहातले. त्यांचा सवाल साधा होता, अस्पृश्य जर देवाची माणसं तर बाकीचे काय राक्षसांची का. बहुमतापुढं काही चाललं नाही, बाबासाहेब आणि त्यांचे आमदार सभागृहातून उठून गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी शब्द आणला त्यांनी तोंडावर सांगितलं की नको, तरी शब्द बसलाच, आणि तो आमच्या नमुना आठमध्ये मला २०२२ ला सापडला. पुढं दलित शब्दाचं उलटं झालं. तो लोकांनी स्वतः उचलला, १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, अभिमानानं लावलेलं नाव, आणि २०१८ ला केंद्राच्या माहिती प्रसारण खात्यानं चॅनेलवाल्यांना सल्ला काढला की दलित म्हणू नका, अनुसूचित जाती म्हणा. आपल्या राज्यात तर त्याच्या आधीच दलित वस्ती सुधारणा योजनेचं नाव बदलून "अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे" असं लांबलचक झालंय. तोंडानं सगळे अजून दलित वस्तीचा निधीच म्हणतात, भाऊसाहेब, ठेकेदार, आमदारांचा पीए, सगळे.

तर निरंक न टाकण्याचं दुसरं कारण म्हणजे खालच्या वस्तीतली एक ताई. नाशिकला नर्सिंग करत होती. ती रहिवासी दाखला घ्यायला आली आणि म्हणाली, दादा त्यात वस्तीचं नाव नका टाकू ना, नुसतं गाव टाका. मी म्हटलं सिस्टीममधून येतं ते. मग तिनं सांगितलं की नाशकात खोली बघायला गेली होती मैत्रिणीबरोबर, मालकीणबाईंनी चहा दिला, भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, मग आधारची झेरॉक्स मागितली, ती हातात घेऊन वाचली आणि म्हणाल्या आमचे हे संध्याकाळी आले की विचारून सांगते. फोन आला नाही. जातीचं कोणी काही बोललंच नाही, त्यामुळं तक्रार तरी कशाची करणार. मी हे भाऊसाहेबांना सांगितलं, सरपंच आप्पांना सांगितलं, आणि त्यांनी विषय अजेंड्यावर घेतला. श्रेय घेत नाही, त्यांना पण स्मरणपत्राचा ताप होताच.

ग्रामसभेच्या आधी वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक ठेवली. मला वाटलं होतं दहा मिनिटांत होईल, कारण नको असलेलं नाव काढायला कोण नाही म्हणेल. अडीच तास चालली.

पहिला वाद बौद्धवाड्यावर. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, म्हणाले महारवाडा काढा, खुशाल काढा, पण जीआरमध्ये बौद्धवाडा पण काढायच्या यादीत कसा, ती काय जात आहे का. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्याचं नाव ते, आम्ही घेतलेलं, लोकांनी दिलेलं नाही. आणि येवला आपल्यापासून किती लांब आहे हो, १९३५ ला धर्मांतराची घोषणा तिथंच झाली ना. मला उत्तर सुचलं नाही. मंत्रालयात तक्ता करताना पण कोणाला सुचलं नसावं. खरं कारण असं की गावात बौद्धवाडा म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं, म्हणून तोही शब्द यादीत गेला. पण हाच न्याय लावला तर भीमनगर कसं चालतं? ते तर सुचवलेल्या नावांत आहे, आणि ते ऐकून पण कळायचं ते कळतंच.

दुसरे बोलले ते सुभेदारबाबा. महार रेजिमेंटमधून रिटायर, अजून महिन्याला देवळालीला कॅन्टीनला जातात, शर्ट इस्त्रीचा. त्यांच्या घराच्या फाटकावर पितळी पाटी आहे, नाव, खाली सुभेदार (निवृत्त), खाली महार रेजिमेंट. त्यांना वरच्या आळीतल्या पोरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच डिवचलं होतं की आता रेजिमेंटचं पण समता रेजिमेंट करणार का, सगळं पॉलिटिकल करेक्टनेसचं फॅड आहे वगैरे. बाबा बैठकीत म्हणाले, "वाड्याचं नाव बदला, माझी सही घ्या. पण पोरांना फरक सांगा. रेजिमेंटचं नाव आमच्या बापजाद्यांनी भांडून घेतलंय, वाड्याचं आम्हाला कोणी विचारून दिलेलं नाही."

हे समजायला मागचं माहीत पाहिजे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असला त्यांचा सिद्धांत होता. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्या पिढीपासून अर्जफाटे चालू होते की भरती परत सुरू करा. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार नावाची पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ला, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी लावून धरलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुरवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे तो शब्द खांद्यावर लावायला मिळावा म्हणून दोन पिढ्या झगडल्या.

आणि स्वातंत्र्यानंतर लष्करानं जे केलं ते मला आपल्या जीआरपेक्षा शहाणपणाचं वाटतं. १९४९ ला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली ती सगळ्या जातीधर्मांच्या जवानांची मिळून, जातीच्या नावानं नवीन रेजिमेंट काढायची नाही हे धोरण ठेवलं, अहीर रेजिमेंटची मागणी इतकी वर्षं चालू आहे तरी सरकार तेच उत्तर देतं. पण जुन्या नावांना हात लावला नाही. शीख, जाट, डोग्रा, मराठा, महार, सगळी राहिली. नाव राहिलं आणि आतला मामला बदलला, महार रेजिमेंटमध्ये आज देशातल्या सगळ्या भागांतली, सगळ्या जातींची पोरं आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत पडलेले, परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे. यातलं कोणी जातीनं महार नव्हतं. सुभेदारबाबा हे सांगताना नेहमी म्हणतात की माझ्या कंपनीत ब्राह्मण पोरगा "मी महार" म्हणून ओरडायचा, त्याला सुट्टीत गावी जाऊन सांग म्हटलं तर हसायचा. माझं म्हणणं एवढंच की लष्करानं माणसं आत घेण्याचा नियम बदलला, आपण पाटी बदलली.

लष्कराचं सगळंच धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. कोणत्या रेजिमेंटमध्ये कोणाची भरती यावरून कोर्टकज्जे होत असतातच, तो वेगळा विषय.

नवीन नावावर तर जास्तच ओढाताण. वयस्कर माणसांना भीमनगर पाहिजे, त्या ताईला आणि तिच्या वयाच्या पोरापोरींना असं काहीतरी पाहिजे की ज्यावरून काहीच कळू नये, एकीनं तर "साई रेसिडेन्सी" सुचवलं आणि सगळे हसले, पण ती हसत नव्हती. वस्तीच्या टोकाला मातंगांची सहा घरं, ते म्हणाले अण्णाभाऊ साठे नगर करा, ते बाजूला पडलं कारण घरं सहाच. म्हणजे खालच्यात पण खालचे आहेतच, ते तक्त्यात मावत नाहीत. शेवटी हात वर करून भीमनगरला जास्त मतं पडली. ठरलं.

मग २ ऑक्टोबरची ग्रामसभा. निफाडात ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचा हंगाम, बागेतून माणूस बाहेर निघत नाही, मजूर तर अजिबातच नाही, आणि खालच्या वस्तीतले बरेच जण छाटणीच्या टोळीलाच असतात. कोरम झाला नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे ज्यांना कळतं त्यांना गाव चालवता येतं. पुढच्या आठवड्यात पंचवीस-तीस माणसं होती, वस्तीतले चार-पाच, आणि कोणीतरी म्हणालं की भीमनगर केलं तर परत जातीवाचकच होतंय की, समतानगर करा, सगळ्यांचं. ऐकायला किती बरोबर. जीआरमध्ये दोन्ही नावं आहेत हे मी सांगायचा प्रयत्न केला पण ऑपरेटरला सभेत बोलायचा अधिकार नसतो, मी आपला प्रोसिडिंग टाईप करतो. समतानगर, सर्वानुमते मंजूर. माळी गल्लीचं ज्योतीनगर पण त्याच ठरावात झालं, माळी गल्लीतल्यांना अजून माहीत नसेल.

मी नमुना आठमध्ये सगळीकडं समतानगर केलं. पोरांनी फ्लेक्स लावला, त्यावर नाव छोटं आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठे.

चार महिन्यांनी गंमत सुरू झाली. वस्तीतल्या काँक्रीट रस्त्याचा आणि गटारीचा प्रस्ताव पाठवला होता, तो त्रुटी लावून परत आला, "सदर नावाची वस्ती बृहत आराखड्यात आढळून येत नाही." बृहत आराखडा म्हणजे पाच वर्षांचा, कोणत्या गावात कोणत्या वस्त्या, लोकसंख्या किती, कामं कोणती, त्यात आमची वस्ती जुन्याच नावानं. नाव बदलायला सांगणारं तेच सरकार, यादी अपडेट न करणारं पण तेच. मग सुधारित प्रस्तावात लिहिलं, "समतानगर (जुने नाव महारवाडा)". तेव्हापासून प्रत्येक कागदावर असंच जातं, कंसासकट. अंदाजपत्रकावर, कामाच्या बोर्डावर, मोजमाप पुस्तिकेत, बिलावर. आधी जे नाव नमुना आठच्या एका रकान्यात दडून होतं ते आता काम पूर्ण झाल्यावर लावलेल्या संगमरवरी पाटीवर कोरलंय.

त्या ताईनं मात्र आधार अपडेट करून घेतलं, तेव्हा पन्नास रुपये लागायचे. एकदा भेटली पिंपळगावच्या स्टँडवर, म्हटलं काय फरक पडला का. म्हणाली, "पडला ना दादा, आता कुरिअरवाल्याला समतानगर सापडत नाही. फोन करतो, कुठं आलं म्हणतो. मीच सांगते, महारवाडा. परवा गाडीत होते, भरलेली गाडी, दोनदा सांगावं लागलं, त्याला ऐकू येत नव्हतं." नंतर हसली, मला हसता आलं नाही. तिला विचारलं जुनंच बरं होतं का, तर म्हणाली छे, कागदावर नको म्हणजे नको, लोकांच्या तोंडातलं मी बघीन. तिचं हे म्हणणं मी विसरत नाही, कारण नाव बदलणं फुकट गेलं असं म्हणणारे सगळे माझ्या आळीतले आहेत, तिच्या आळीतलं कोणी तसं म्हणत नाही.

शेवटचा भाग तपासणीचा. गेल्या वर्षी पंचायत समितीतून साहेब आले, नाव बदललेल्या वस्त्यांचे फोटो घ्यायला, फोटोत नवीन फलक दिसला पाहिजे आणि जुनं जातीवाचक काही दिसता कामा नये अशी सूचना. फ्लेक्स नेमका सुभेदारबाबांच्या फाटकाला लागून. साहेबांनी मोबाईल धरला आणि थांबले. फ्रेममध्ये डाव्या बाजूला पितळी पाटी, महार रेजिमेंट, ऊन पडलेलं, चांगली चमकत होती.

साहेब मला हळूच म्हणाले, त्यावर काहीतरी झाका ना दोन मिनिटं. मी म्हटलं तुम्हीच सांगा. मग बाबांना म्हणाले, "बाबा, एवढा फोटो होईस्तोवर टॉवेल टाकू का पाटीवर, वर प्रश्न विचारतात." बाबा काही बोलले नाहीत. घरात गेले, आम्हाला वाटलं टॉवेल आणायला गेले, तर डिस्चार्ज बुक घेऊन आले. पहिलं पान उघडून साहेबांपुढं धरलं. "साहेब, हे पण झाकायचं का? यावर राष्ट्रपतींच्या सरकारचा शिक्का आहे." साहेब वाईट माणूस नव्हता, ओशाळला, नमस्कार केला, चहा घेतला. जाताना मात्र मला म्हणालाच, अँगल बघ जरा.

मी अँगल बघितला. उजवीकडून काढला तर ट्रान्सफॉर्मर येत होता, डावीकडून काढला तर पाटी. शेवटी समोरून काढला आणि क्रॉप केला. पाटी गेली, फाटकाचा अर्धा गज राहिला. अहवालात शेवटचा रकाना होता, "वस्तीत शिल्लक असलेली जातीवाचक नावे व फलक", तिथं मी निरंक भरलं आणि पाठवून दिलं.

पूर्ण फोटो मी सुभेदारबाबांना पाठवला, फ्लेक्स आणि पाटी दोन्ही दिसतात त्यात. त्यांनी डीपीला लावलाय. रस्ता समाजमंदिरापर्यंत झालाय, मातंगांच्या सहा घरांकडं अजून मुरूमच आहे, तो पुढच्या आराखड्यात घ्यायचं चाललंय, कंसात काय लिहायचं ते ठरायचंय.